नोंदवहीतील माणसे : मॉरिशसची कहाणी

मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुई बंदराच्या काठाला, काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. त्या चढून गेले की एखादा वाडा किंवा देऊळ लागत नाही. लागतात त्या काही जुन्या चिरेबंदी खोल्या, एक फाटक आणि मोकळे पडलेले अंगण. १८४९ साली बांधलेल्या ह्या इमारतीला इंग्रजी अमदानीत ‘इमिग्रेशन डेपो’ म्हणत. आज तिला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. हिंदुस्थानातून मजुरीसाठी नेलेल्या माणसांनी जहाजातून उतरल्यावर ह्या पायऱ्या चढावयाच्या, आत दोन-तीन दिवस राहावयाचे, वहीत नाव लिहवून घ्यावयाचे आणि मग कोणा मळेवाल्याच्या गाडीवानामागून उसाच्या मळ्याकडे चालू लागावयाचे, असा शिरस्ता होता. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ह्या बेटावर सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे उतरली. त्यांतील तिसरा हिस्सा परत फिरला. उरलेल्यांच्या वंशजांचे आज ते राष्ट्र आहे.

आम्हां सरकारी कारकुनांना वहीचे आणि रकान्याचे महत्त्व सांगावयास नको. माणूस साहेबासमोर उभा असला तरी तो कागदावर नसेल तर नसतोच, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मॉरिशसचा इतिहास वाचू लागलो तेव्हा प्रथम लक्षात आले ते हे की, हा सबंध देशच नोंदवहीतून जन्मला आहे. कोण राजा कधी आला व कधी गेला ह्यापेक्षा माणसांना कोणी, कोणत्या वहीत, कोणत्या रकान्यात लिहिले, ह्या प्रश्नाने तेथील इतिहासाचा उलगडा अधिक होतो. त्याच वाटेने ही कहाणी सांगण्याचा विचार आहे.

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरांवर हिंदी महासागरात हे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे दोन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. ह्या भूमीला मूळचा माणूस नाही. अरब खलाशांना ती ठाऊक होती, सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज तिच्याजवळून गेले, पण वस्ती कोणी केली नाही. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपला राजपुत्र मॉरिस ह्याचे नाव बेटाला दिले. १६३८ पासून त्यांनी दोनदा वसाहत करून पाहिली. आबनुसाची झाडे तोडली, जावा बेटावरून हरणे आणि ऊस आणला, आणि गुलाम आणले. उडता न येणारा, माणसाला न भिणारा डोडो नावाचा पक्षी त्याच शतकात पृथ्वीवरून नाहीसा झाला. १७१० साली डचांनी कंटाळून बेट सोडले. मागे राहिले ते ऊस, हरणे, उंदीर आणि रानात पळून गेलेले काही गुलाम. पुढच्या तीन शतकांचे बी असे पडले होते.

१७१५ साली फ्रेंचांनी बेट ताब्यात घेऊन त्याला ‘ईल द फ्रांस’ असे नाव दिले. त्यांच्या गव्हर्नरांपैकी माहे द ला बुर्दोने हा आपल्याकडच्या इतिहासातही भेटतो. १७४६ साली मद्रास जिंकणारा तो हाच. १७३५ पासून त्याने पोर्ट लुई उभारले, गोद्या बांधल्या, इस्पितळ काढले, साखरेचे कारखाने सुरू केले. पुदुच्चेरीकडील गवंडी, सुतार, लोहार ह्या कामासाठी तेथे गेले. मॉरिशसमधील तामिळ समाज म्हणूनच करारबद्ध मजुरांच्या आधीपासूनचा आहे, आणि पोर्ट लुईत त्यांची वेगळी पेठ होती. परंतु बंदर आणि मळे खऱ्या अर्थाने उभे राहिले ते गुलामांच्या खांद्यावर. मादागास्कर, मोझांबिक, पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि काही प्रमाणात हिंदुस्थान, इतक्या ठिकाणांहून माणसे विकत आणली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच्या दर दहा माणसांत आठांहून अधिक गुलाम होते.

१७२३ च्या राजाज्ञेने गुलाम ही जंगम मालमत्ता ठरली. मालमत्तेला नाव असण्याचे कारण नाही. पण हाक मारावयास काही तरी लागते. मालकांनी मग ज्यूपिटर, हेक्टर अशी पुराणातली नावे दिली, वारांची आणि महिन्यांची दिली, चेष्टेचीही दिली. त्यांतील कित्येक आज आडनावे होऊन बसली आहेत. ज्याचे आडनाव फ्रेंच भाषेतला ‘फेब्रुवारी’ आहे, त्याला आपले मूळ गाव कोणते, आपली भाषा कोणती, आपल्या खापरपणजाला आई काय म्हणून हाक मारीत असे, हे कोणत्याही वहीतून कळण्याची सोय उरलेली नाही. पळून जाणाऱ्या गुलामांना ‘मारों’ म्हणत. पकडल्यास कान कापणे, डाग देणे आणि तिसऱ्या खेपेस देहदंड, अशा शिक्षा कायद्यात लिहिलेल्या होत्या. तरीही माणसे पळत. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्न नावाचा उभ्या कड्याचा डोंगर आहे. तो त्यांचा आश्रय होता. गुलामगिरी रद्द झाल्याचे सांगावयास शिपाई येत असताना ते आपल्याला धरावयासच येत आहेत असे समजून वर लपलेल्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी एक दंतकथा तेथे सांगतात. ती घडली असो वा नसो; शिपाई चांगली बातमीही आणू शकतो ह्यावर ज्यांचा विश्वास बसू शकत नव्हता, त्यांची ती कथा आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. पण तो हुकूम घेऊन १७९६ साली पॅरिसहून आलेल्या प्रतिनिधींना मळेवाल्यांनी बेटावरून हाकून लावले. १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या समुद्रात फ्रेंचांनी इंग्रजी आरमाराचा पराभव केला. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचे नाव कोरलेले आहे. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिंदुस्थानातून आलेल्या मोठ्या फौजेपुढे बेट शरण गेले. शरणागतीच्या अटी मात्र चमत्कारिक होत्या. रहिवाशांचा धर्म, कायदा, रीतिरिवाज आणि मालमत्ता कायम राहील, असे इंग्रजांनी मान्य केले. राज्य इंग्रजांचे आणि समाज फ्रेंच, असा दुहेरी संसार तेव्हापासून चालू झाला. आजही तेथे न्यायालयात इंग्रजी, वर्तमानपत्रात बहुधा फ्रेंच आणि रस्त्यावर क्रिओल ऐकू येते, त्याचे मूळ ह्या करारात आहे.

मालमत्ता कायम, म्हणजे गुलामही कायम. इंग्रजांनी गुलामांचा व्यापार १८०७ सालीच बेकायदा ठरविला होता, तरी चोरटी आयात चालूच राहिली. तिला आळा घालण्यासाठी १८१५ च्या सुमारास प्रत्येक गुलामाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण असे रकाने असलेली वही तयार झाली. ज्यांना माणूस म्हणून कधी कोणी मोजले नव्हते, ते प्रथम मोजले गेले ते असे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. सुमारे सहासष्ट हजार माणसे मुक्त झाली आणि ब्रिटिश खजिन्यातून वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई देण्यात आली. ती भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नव्हे. उलट त्यांनी आणखी काही वर्षे ‘उमेदवार’ ह्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे, असे ठरले. ३१ मार्च १८३९ रोजी ही उमेदवारीही सुटली, तेव्हा बहुसंख्य माणसे मळ्याकडे पाठ फिरवून चालू लागली. कोणी समुद्रकाठी कोळी झाले, कोणी बंदरात हमाल, कोणी शहरात सुतार. त्यांच्यापाशी जमीन नव्हती, भांडवल नव्हते आणि परत जावयास गावही नव्हते.

मळेवाल्यांना हे आधीच उमगले होते. म्हणून गुलामगिरी संपण्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातले ते आदिवासी होते. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये, शिवाय शिधा व कपडा, अशी बोली होती. ‘थोर प्रयोग’ असे इंग्रजांनी ह्या योजनेला नाव दिले. गुलामाच्या जागी करारबद्ध मजूर आणून साखर पिकविता येते काय, हे पाहावयाचे होते. प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीने यशस्वी झाला आणि मग त्रिनिदाद, गयाना, नाताळ, सुरिनाम, फिजी अशा दूरदूरच्या मुलखांत तो वाढविण्यात आला. मॉरिशस ही त्या सगळ्या व्यवहाराची पहिली प्रयोगशाळा.

कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तीन बंदरे होती. सर्वांत मोठा ओघ कलकत्त्याचा, म्हणजे बिहार व पूर्व संयुक्त प्रांतातील भोजपुरी भाषकांचा. मद्रासकडून तामिळ व तेलुगू लोक आले. मुंबईहून आले ते प्रामुख्याने कोकणातले; कुणबी, मराठा, महार अशा जातींचे शेतकरी व मजूर. हा ओघ तुलनेने लहान होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो जोरात होता. पुढे आगगाडीचे रूळ आणि कापडाच्या गिरण्या मुंबईतच हातांना काम देऊ लागल्या, तशी १८६० नंतर ही वाट ओसरली. घाटमाथा चढून मुंबईस जाणारा किंवा गलबताने भाऊच्या धक्क्यावर उतरणारा कोकणी माणूस आपल्या साहित्यात पुष्कळ भेटतो. त्याच धक्क्याच्या आसपासून आणखी पुढे गेलेला त्याचा भाऊ मात्र आपण पार विसरलो.

डेपोतील वहीत प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा आणि जहाजाचे नाव, इतके रकाने भरले जात. लिहिणारा कारकून ऐकेल तसे लिही. लक्ष्मणाचे ‘लुक्सिमों’ झाले. बापाचे नाव हेच मुलाचे आडनाव झाले आणि सखाराम, तुकाराम, बाबाजी ही आजोबांची नावे घराण्यांना चिकटली. मागचे आडनाव आणि त्यासोबतचे कूळ कागदावरून गळून पडले. जहाजावर तीस-चाळीस दिवस एका फळीवर झोपून आणि एका भांड्यातले जेवून जातीची शिवाशिव बरीच सैल झाली होती. वहीतला जातीचा रकाना भरला गेला, तरी मळ्यावर त्याला फारसा अर्थ उरला नाही. काही गेले ते बरेच झाले, काही गेले ते कायमचे हरवले. दोन्ही एकाच बोटीत घडले.

मळ्यावरच्या आयुष्याला गुलामी म्हणावयाचे की नाही, ह्यावर विद्वानांत वाद आहेत. कायद्याने मजूर मालमत्ता नव्हता. तो फिर्याद करू शकत होता आणि मुदत संपली की सुटत होता. हा फरक लहान नव्हे. पण त्याच्या हालचालींभोवती कायद्याचे जे कुंपण होते तेही पाहिले पाहिजे. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या ‘जुन्या आप्रवाशा’लाही छायाचित्र डकवलेला पास सतत जवळ बाळगण्याची सक्ती झाली. पास घरी विसरला, फाटला किंवा नेमून दिलेल्या जिल्ह्याबाहेर पाऊल पडले, की भटका म्हणून तुरुंग. पास हरवल्यास नवा काढण्यासाठी जबर फी. माणूस खरा की कागद खरा, असा प्रश्न आला की कागद खरा ठरे.

ह्याच कागदाच्या शस्त्राने त्या व्यवस्थेला पहिला तडा दिला. आडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळा-व्यवस्थापकाने मजुरांच्या तक्रारी एकत्र करून १८७१ साली गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या किंवा निशाण्या होत्या. प्लेव्हिट्झवर मळेवाले इतके चिडले की भर रस्त्यात त्याला मारहाण झाली. पण अर्ज लंडनला पोचला आणि १८७२ मध्ये चौकशीसाठी शाही आयोग आला. त्याच्या दोन सभासदांपैकी फ्रियर हे मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले गृहस्थ होते. आयोगाचा अहवाल १८७५ साली निघाला. त्याने पास-पद्धतीचा जुलूम उघडा पाडला आणि १८७८ साली मजुरांविषयीचा कायदा सुधारण्यात आला. हिंदी माणसाचा तेथील व्यवहारातला वाटा एव्हाना इतका वाढला होता की १८७६ च्या कायद्याने रुपया हेच मॉरिशसचे अधिकृत नाणे झाले. आजही तेथे रुपयाच चालतो. पुढे साखरेला मंदी आली तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे करून विकावयास काढल्या. पै-पै साठविलेल्या जुन्या मजुरांनी त्या घेतल्या. मजुराचा मुलगा लहानसा ऊसउत्पादक झाला आणि त्याचा मुलगा शाळेत गेला.

१९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून मुंबईस परतणारे मोहनदास करमचंद गांधी ह्यांचे जहाज पोर्ट लुईला थांबले आणि ते काही आठवडे बेटावर राहिले. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कारभारात लक्ष घाला, एवढाच त्यांचा सांगावा होता. १९०७ साली त्यांच्या सूचनेवरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे गेले. त्यांनी मजुरांची वकिली केली आणि १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ नावाचे वर्तमानपत्र काढले. तरीही मताचा अधिकार मालमत्तेला बांधलेला असल्यामुळे १९२६ पर्यंत एकही हिंदी माणूस कौन्सिलात निवडून आला नव्हता. १९३६ साली मोरीस क्यूरे ह्या क्रिओल डॉक्टराने मजूर पक्ष स्थापिला आणि १९३७ मध्ये उसाच्या भावावरून व मजुरीवरून दंगे होऊन गोळीबार झाला.

त्यानंतरची हकीकत मला ह्या सबंध इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. १९४० नंतरच्या वर्षांत वासुदेव विष्णुदयाल नावाच्या प्रचारकाने आणि त्याच्या स्वयंसेवकांनी गावोगाव बैठका घालून प्रौढ स्त्रीपुरुषांना अक्षरे गिरवावयास शिकविले. नवी राज्यघटना येणार, तीत मालमत्तेची अट जाऊन साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मत मिळणार, आणि आपल्या भाषेत लिहिलेलेही चालणार, हे कळल्यावर त्या बैठकांना वेगळाच अर्थ आला. १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावांपुढे डेपोच्या वहीत अंगठा किंवा फुली होती, त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहून राज्यात वाटा मागितला. वही तीच, पण लेखणी दुसऱ्याच्या हातून आपल्या हातात आली.

इतके झाल्यावर १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेचा दिवस साधून, मॉरिशस स्वतंत्र झाले आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक. डॉक्टर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. येथेच कथा संपविली तर ती गोड होईल. पण खरी होणार नाही. १९६७ च्या निवडणुकीत शेकडा चव्वेचाळीस मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली होती. हिंदूंच्या बहुमताखाली आपले काय होईल, ही क्रिओल व इतर अल्पसंख्यकांची भीती त्या मतांत होती. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान ह्यांच्यात दंगा पेटला आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. शिवाय इंग्रजांनी १९६५ मध्येच छागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून ठेवला होता; तेथील रहिवाशांना १९६८ ते १९७३ ह्या काळात घरेदारे सोडावयास लावून दिएगो गार्सिया येथे अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. ही फारकत बेकायदा होती, असे मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. ज्यांना हलविले ते बहुतेक गुलामांचे वंशज होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

अल्पसंख्यकांची भीती निवारण्यासाठी घटनेत एक युक्ती योजिली गेली. १९४८ मध्ये एकही मुसलमान निवडून आला नव्हता, ही आठवण ताजी होती. म्हणून बासष्ट निवडून आलेल्या सभासदांखेरीज आठ जागा पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणाऱ्यांना, ज्या जमातीला वाटा कमी पडला असेल तिला पाहून, देण्याचे ठरले. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने अर्जात आपली जमात लिहावयाची. रकाने चार : हिंदू, मुसलमान, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोक’. ह्या चौथ्या रकान्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जो पहिल्या तिहींत बसत नाही तो चौथ्यात. म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्या गुलामांच्या गोऱ्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात! एकाच्या पणजाला भरपाई मिळाली आणि दुसऱ्याच्या पणजाबद्दल ती मिळाली. पण वहीच्या दृष्टीने दोघे एक.

ह्या व्यवस्थेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तिने दंग्यांनी होरपळलेल्या समाजाला धीर दिला आणि प्रत्येकाला सभागृहात आपला चेहरा दिसेल अशी हमी दिली. परंतु तिने रकाने पक्केही केले. १९७२ नंतरच्या शिरगणतीत जमात विचारणेच बंद झाले. तरी जागांची वाटणी त्या जुन्या आकड्यांवरच चालत राहिली. जमात लिहावयास नकार देणाऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले. ते गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये समितीने ते मान्य केले. १९९९ साली ‘काया’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला तेव्हा उसळलेल्या दंगलीने दाखवून दिले की, राष्ट्र सुखी झाले तरी त्या चौथ्या रकान्याच्या तळाशी असलेल्यांपर्यंत सुख पोचलेले नव्हते. ही जाणीव तेथे आता उघडपणे बोलली जाते. आप्रवासी घाट २००६ मध्ये आणि ल मोर्न डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसा ठरले. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर ह्या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. आणि गुलामगिरी व करारबद्ध मजुरी ह्या दोहोंच्या परिणामांची एकत्र चौकशी करणाऱ्या सत्य व न्याय आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला. गुलामांच्या मळ्यांवर जन्मलेली क्रिओल भाषा २०१२ पासून प्राथमिक शाळेत शिकवितात. गुलामांचे गाणे ‘सेगा’ आणि भोजपुरी लग्नातली ‘गीत-गवाई’ ही दोन्ही युनेस्कोच्या यादीत शेजारी-शेजारी आहेत.

साडेबारा लाखांच्या आसपासच्या त्या लोकसंख्येत हिंदू निम्म्याच्या जवळपास, ख्रिस्ती सुमारे एक-तृतीयांश आणि मुसलमान सहाव्या हिश्श्याच्या आसपास आहेत. महाशिवरात्रीला पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू कावडी घेऊन डोंगरातल्या गंगा तलावाकडे पायी जातात. तामिळांची कावडी निघते, तेलुगूंचा उगादी होतो, ईद आणि चिनी नववर्षही येते. गावोगावच्या चिनी दुकानदाराने उधारीच्या छोट्या वहीवर कित्येक पिढ्या जगविल्या. मॉरिशसमधली हीही एक वही, आणि तिच्यात जातीधर्माचा रकाना नव्हता.

आणि मराठी माणूस? संख्येने तो फार थोडा; पण वाकोआ, हेन्रिएता, कास्कावेल अशा पश्चिम व मध्य भागांतल्या गावांत त्याने आपला संसार मांडला. गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी आहे, आणि ती सहसा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते. विसर्जन तेव्हा असते म्हणून. कोकणातला दीड दिवसाचा गणपती महासागर ओलांडून सरकारी कॅलेंडरात जाऊन बसला, हे वाचून कोणाही कोकणस्थ वाचकाला क्षणभर भरून यावे. ‘झाकरी’ ह्या नावाने तेथे जो नाच होतो तो रत्नागिरीकडची जाखडीच. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवितात, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात, आणि १९९१ ची जागतिक मराठी परिषद तेथेच भरली होती. परंतु घरातली भाषा बहुतेक ठिकाणी क्रिओल झाली आहे. आरती मराठीत आणि आरतीनंतर ‘प्रसाद घे’ म्हणावयाचे ते क्रिओलमध्ये.

ह्यावर हळहळण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. मॉरिशसच्या २०११ च्या शिरगणतीत भाषेविषयी दोन वेगळे प्रश्न होते : पूर्वजांची भाषा कोणती, आणि घरात बहुधा बोलता ती भाषा कोणती. ह्या दोन रकान्यांत वेगवेगळी उत्तरे लिहावयास तेथील माणसाला संकोच वाटत नाही. पहिल्यात तो ‘मराठी’ लिहितो कारण तो आपल्या पणज्याला विसरलेला नाही. दुसऱ्यात ‘क्रिओल’ लिहितो कारण शेजारचा गुलामाचा नातू, पलीकडचा तेलुगू आणि कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार ह्यांच्याशी त्याचे आयुष्य त्याच भाषेने जोडलेले आहे. ज्याला पहिल्या रकान्यात लिहावयास काहीच उरू दिले नाही, त्या गुलामाच्याच भाषेने सर्वांना दुसरा रकाना पुरविला, ह्यात इतिहासाचा काही न्याय असावा.

आपल्या अर्जांत मातृभाषेचा रकाना एकच असतो. बदलीच्या गावी, परमुलखातल्या सरकारी वसाहतीत राहणारे आपण तो न अडखळता भरतो. आपली मुले मात्र संध्याकाळी अंगणात कोणत्या भाषेत भांडतात, हे खिडकीतून आपल्याला ऐकू येत असते. गणेशोत्सवात आपण त्यांना आरती पाठ करावयास बसवितो आणि ती ओळी म्हणतात, अर्थ विचारीत नाहीत. उद्या त्यांच्यापुढे दोन रकान्यांचा अर्ज आला तर पहिल्यात ती काय लिहितील, हे आज आपण घरी काय बोलतो आणि काय सांगतो ह्यावर ठरेल. दुसऱ्यात ती काय लिहितील, हे ज्या गावाचे मीठ आपण खातो त्या गावाशी आपण किती मिसळलो ह्यावर. पोर्ट लुईच्या डेपोत ज्यांची नावे चुकीची लिहिली गेली त्या कोकणी मजुरांच्या नातवंडांनी दोन्ही रकाने भरून दाखविले आहेत. आपल्याला तर नाव नीट लिहावयास येते.